दोघींचा गार भात

ती कधी जिना चढत नसे. फक्त उतरायची.

राहायची आठव्या मजल्यावर. त्या काळी सिंगापूरच्या सरकारी इमारतींत लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. आमची पहिल्या, सहाव्या आणि अकराव्या मजल्यावर थांबायची. आमच्या मजल्यावरची बाकी माणसं सहाव्यावर बाहेर पडून दोन मजले चढत. ही बाई भाजीच्या पिशव्या, कधी तांदळाचं पोतं घेऊन थेट अकराव्यावर जायची आणि तिथून तीन मजले उतरून घरी यायची. माझ्या अंगात हुशारी फार, म्हणून पहिल्याच दिवशी मी तिला समजावून सांगितलं की दोन हे तीनपेक्षा कमी असतात. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या ट्रंकेकडे पाहिलं.

"चढतो तो हमाल," ती म्हणाली, "उतरतो तो मालक."

आणि ट्रंक माझ्याच हातात ठेवून मालकीणबाई पुढे उतरू लागल्या.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते, आणि सातारा सोडून पुण्याच्या पलीकडचं जग मी फक्त नकाशात पाहिलेलं होतं. वडिलांच्या ओळखीतून विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची एक योजना कळली. वर्षभर सिंगापूरला चिनी कुटुंबात राहायचं, तिथल्या शाळेत शिकायचं. निवड झाल्यावर गल्लीत माझा सत्कार झाला. मी भाषण केलं. त्यात "सांस्कृतिक राजदूत" असा शब्द मी स्वतःबद्दल वापरला होता, हे आठवलं की आजही मला पलंगाखाली जाऊन बसावंसं वाटतं. राजदूताच्या ट्रंकेत मेतकूट होतं, भाजणी होती, नेसता न येणारी एक नऊवारी होती आणि एक लेझीम होती. एकटी मुलगी चौकात उभी राहून लेझीम खेळली तर कशी दिसेल, याचा विचार साताऱ्यात कोणी केला नव्हता.

आणि "कुटुंब" म्हणून जे मिळालं ते म्हणजे ही एवढी एकच बाई. सत्तरीच्या आतबाहेरची, कातरलेले पांढरे केस, फुलाफुलांचा ढगळ झगा, हातात नवऱ्याचं बंद पडलेलं घड्याळ. "वेळ कळायला कशाला लागतं?" ती म्हणायची. "भूक लागते ना?" नवरा कधीच गेलेला. मुलगा ऑस्ट्रेलियात, पर्थला. घरात जेवणाचं गोल टेबल, त्याला चार खुर्च्या, आणि एरवी त्यातल्या तीन खुर्च्यांवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे. मी येणार म्हणून एका खुर्चीवरचा गठ्ठा उचलून दुसरीवर ठेवलेला होता.

योजनेच्या को-ऑर्डिनेटर बाईंनी मला सांगितलं होतं, हिला "आमा" म्हण, म्हणजे आजी. पण राजदूत परक्या बाईला एकदम आजी कशी म्हणणार? मी तिला "मॅडम" म्हणायचे. पुढे तेही बंद केलं, कारण मॅडम म्हटलं की ती मागे वळून बघायची, कोण आलंय म्हणून.

तिचं इंग्रजी मोजक्या शब्दांचं, माझं पाठ्यपुस्तकातलं. ती "कॅन" म्हणाली की होकार, "कॅनॉट लाह" म्हणाली की विषय संपला; ते "लाह" म्हणजे तिथल्या बोलण्याचं शेपूट. तिला एका कानाने ऐकू येत नसे. निदान ती तसं म्हणायची. "मोठ्याने बोल!" हा तिचा दिवसातला पहिला हुकूम. मात्र मी माझ्या खोलीत दार लावून बिस्किटाचा पुडा उघडला की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "जेवणाआधी बिस्किट नको!"

माणसांवर ओरडणं हे तिचं मुख्य काम. मंडईत कोळिणीवर ओरडायची, पपईवर ओरडायची, रेडिओतल्या बातम्या देणाऱ्यावर ओरडायची. एकदा लिफ्टमध्ये एका शेजारणीशी ती चकार शब्द बोलली नाही. मी विचारलं, भांडण झालंय का? "भांडण कशाला?" ती म्हणाली. "ज्याच्याशी देणंघेणं नाही, त्याच्यावर कोण ओरडेल?"

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं. कारण माझ्यावर ती ओरडायची ती फक्त बिस्किटांवरून.

मी शाकाहारी, हे तिला एक मोठं नवल. तिच्याकडे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला मांस वर्ज्य. "आणि तुझ्याकडे रोजच पंधरावी?" तिने मला नाव ठेवलं, छोटी भिक्षुणी. भिक्षुणीसाठी ती वेगळी भाजी करायची आणि त्यात वाळलेल्या बारीक कोळंबीची मूठ टाकायची. मी चिमटीने एकेक कोळंबी काढून ताटलीच्या काठावर रांगेत लावायचे.

"मॅडम, हा मासा आहे."

"मासा नाही लाह. चव आहे."

लेझीम तिने पहिल्याच आठवड्यात ताब्यात घेतली. दारासमोरच्या सामाईक गॅलरीत तिच्या मिरचीच्या कुंड्या होत्या आणि साळुंक्या येऊन मिरच्या तोडत. तिने लेझीम कठड्याला टांगली. वारा आला की साताऱ्याची संस्कृती छनछन करायची आणि साळुंक्या उडून जायच्या. मी मनात फार दुखावले होते. आज वाटतं, त्या वर्षात माझ्या सामानातली तेवढी एकच गोष्ट कामाला आली.

कपड्यांचं तिचं शास्त्र वेगळंच. तिथे धुणं लांब बांबूवर ओवून बांबू स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर खोचून ठेवत. तिच्या बांबूवर दर सोमवारी एक पुरुषी निळा शर्ट असायचा. घरात पुरुष नाही, मग शर्ट कोणाचा? "मुलाचा. चोराला कळू दे, घरात माणूस आहे." शर्ट न वापरता दर आठवड्याला धुतल्यामुळे पार विटून गेला होता. माझे कपडे मात्र न्हाणीघरातल्या दोरीवर. "पाहुण्याचे कपडे बाहेर नाही," ती म्हणायची. शाळेचा युनिफॉर्म दमटच अंगात घालून मी जायचे आणि दिवसभर मला आतून बुरशी आल्यासारखं वाटायचं.

पण खरी पंचाईत होती जेवणाची.

पहिल्या संध्याकाळी तिने टेबल मांडलं. भात, टोफू, पालेभाजी. ती समोर बसली, चॉपस्टिक्स वाडग्याशेजारी सरळ ठेवल्या आणि माझ्याकडे बघत राहिली. मी हात मांडीवर ठेवून बसले. आमच्याकडे पाहुणा म्हणून गेलं की यजमानाने "करा सुरुवात, सावकाश होऊ द्या" म्हटल्याशिवाय पहिला घास घ्यायचा नसतो. आई म्हणायची, हावरटासारखं तुटून पडू नये. तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. भाताची वाफ आधी जोरात होती, मग बारीक झाली, मग गेली. समोरच्या इमारतीत घराघरांत दिवे लागले, कढया तडतडल्या, कोणीतरी हसलं. आम्ही दोघी मात्र फोटो काढायला बसल्यासारख्या.

शेवटी ती उठली. स्वतःचा वाडगा उचलला आणि स्वयंपाकघरात ओट्याशी, माझ्याकडे पाठ करून, उभ्याने जेवली.

मी म्हटलं, झालं. हिला मी जेवलेली नको आहे.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रोज ती टेबल मांडायची, रोज समोर येऊन बसायची, रोज वाट बघून उठून जायची. आणि मग मी एकटी, गार भातात रडं मिसळून जेवायचे. हट्ट बघा माझा! एकदा "मी खाऊ का?" एवढं विचारलं असतं तर? पण आग्रह काय मागून घ्यायचा असतो? मोठी स्वाभिमानी, सातारची! घरी पत्रं लिहायचे त्यात असायचं, "इथे सगळे फार प्रेमळ आहेत. आम्ही रोज एकत्र जेवतो." दोन्ही वाक्यं धडधडीत खोटी, आणि आईला दोन्ही खरी वाटली.

शाळेतही फार वेगळं नव्हतं. वर्ग इंग्रजीत चालायचा, पण मधल्या सुट्टीची घंटा झाली की सगळ्या मुली भाषा बदलायच्या. मी डबा उघडून हसऱ्या चेहऱ्याने बसायचे, सगळ्या हसल्या की हसायचे. एकदा सगळ्या एकदम गप्प झाल्या आणि मी एकटीच हसत राहिले. कोणाची तरी आजी आजारी होती. मेई नावाची एक मुलगी तेवढी माझ्यासाठी थांबून थांबून इंग्रजीत सांगायची, काय झालं ते.

मग एका रविवारी बुकित तिमाहच्या एका मराठी घरी मला जेवायला बोलावलं. काका बँकेत, बैठा बंगला, दारात तगर. काकूंनी वरणभात वाढला, वर तूप, लिंबाची फोड, आणि म्हणाल्या, "सावकाश होऊ दे हं, लाजू नकोस." एवढं वाक्य ऐकून मी ताटावर जी काही रडले, की काका उठून पंखा वाढवून आले.

"अगं, इथेच ये ना राहायला," काकू म्हणाल्या. "खोली रिकामीच आहे. घर बदलून मिळतं की तुमच्यात."

मिळत होतं. मी को-ऑर्डिनेटर बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, येत्या शनिवारी दुपारी घरी येते, दोघींशी बोलते, मग ठरवू. मी त्याच दिवसापासून मनाने तुपाच्या भातावर जाऊन बसले. आमाला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण हॉलमधल्या फोनवर मी बोलत होते तेव्हा ती गॅलरीत मिरच्यांना पाणी घालत होती, आणि तिच्या न ऐकू येणाऱ्या कानाबद्दल मी सांगितलंच आहे.

त्या रविवारी संध्याकाळी पर्थहून फोन आला. फोनची वेळ झाली की ती केस विंचरायची, सपाता घालायची, मग खुर्चीत ताठ बसून रिसीव्हर उचलायची. एकच वाक्य ओरडून विचारायची, पलीकडून काहीतरी थोडंसं यायचं, मग "महाग, महाग!" म्हणत ठेवून द्यायची. फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसायची, विंचरलेल्या केसांनी. त्या दिवशी मी विचारलं, काय विचारता तुम्ही त्याला?

"जेवलास का."

"आणि तो काय म्हणतो?"

"जेवलो म्हणतो." तिने सपाता काढल्या. "कोणी हाक मारली, ते विचारत नाही मी."

मला अर्थ कळला नाही. मी तुपाच्या भातावर होते ना.

शुक्रवारी मेईने मला घरी नेलं. तिच्या घरी माणसांची ही गर्दी. आजोबा, आजी, आईवडील, मोठा भाऊ. टेबलावर वाफाळणारे वाडगे आले, सगळे बसले, आणि कोणीच खाईना. इथेही?

तेवढ्यात मेई सगळ्यात मोठ्या माणसाकडे वळली. "आकोंग, चिया पंग." आजोबा, जेवा. मग आजीकडे, "आमा, चिया पंग." मग वडील, मग आई, मग भाऊ; एकेकाला नात्याने हाक मारून. प्रत्येकाने मान हलवली, "चिया, चिया" म्हटलं, आणि चॉपस्टिक्स उचलल्या.

"हे रोज?" मी विचारलं.

"रोज. घरातल्या लहानाने हाक मारायची. त्याशिवाय मोठे कसे जेवतील?"

"आणि नाहीच मारली तर?"

मेई जरा विचारात पडली. "मग त्यांचं कोणी नाही, असं होतं ना."

"पण मग सांगायचं की, हाक मार म्हणून!"

मेईची आजी काय झालं ते विचारत होती. मेईने तिला सांगितलं, तशी ती खो खो हसली आणि काहीतरी बोलली. मेईने मला त्याचं इंग्रजी केलं, "आजी म्हणते, हाक काय मागून घ्यायची असते?"

माझ्या हातातला टोफू वाडग्यात पडला. मला समोर ते गोल टेबल दिसलं. एका बाजूला आग्रहाची वाट बघणारी एक ढालगज, दुसऱ्या बाजूला हाकेची वाट बघणारी दुसरी, आणि मध्ये गार होत चाललेला बिचारा भात.

त्या रात्री मी घरी पोचले तर ती झोपून गेली होती. माझ्या जागेवर ताटलीखाली झाकलेला वाडगा होता.

शनिवारी सकाळी उठले तर माझी ट्रंक हॉलमध्ये. भरलेली, पट्टा आवळलेला. मेतकुटाची बरणी वर्तमानपत्रात गुंडाळून वर बांधलेली. गॅलरीत लेझीम नव्हती. तीही पुसून ट्रंकेवर आडवी ठेवलेली. साळुंक्या मिरच्यांवर येऊन बसल्या होत्या आणि ती त्यांच्यावर ओरडत नव्हती.

"मॅडम," बऱ्याच दिवसांनी मी म्हटलं. तिने ऐकलं नाही. या वेळी खरंच की खोटं, मला सांगता येणार नाही.

को-ऑर्डिनेटर बाई आल्या तेव्हा टेबलावर जेवण मांडलेलं होतं. त्या फाइल उघडून बसल्या आणि मला विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात तीच बोलली. आधी तिच्या भाषेत, मग मला कळावं म्हणून इंग्रजीत.

"ही जाऊ दे. तिकडे इंडियन घर. इंडियन भाजी. कोळंबी नाही. गुड फॉर हर." आणि मग जरा थांबून, "इथे हिला जेवण जात नाही."

म्हणजे इतके दिवस तिला वाटत होतं, मी तिच्या अन्नाला नाक मुरडून बसते.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बरोबर? तुला जायचंय?"

मला खूप काही बोलायचं होतं. वक्तृत्वात बक्षिसं मिळवलेली मुलगी मी. पण एवढं सगळं समजावायला ना माझं इंग्रजी पुरलं असतं, ना तिचं. मी माझी खुर्ची ओढली, टेबलाशी बसले, हात मांडीवर ठेवले आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हटलं,

"आमा, चिया पंग."

उच्चार भयंकर असणार. को-ऑर्डिनेटर बाई चिनीच. त्यांचं पेन थांबलं. आमा आधी जागची हललीच नाही. मग येऊन बसली. चॉपस्टिक्सना हात लावला नाही.

"मोठ्याने," ती म्हणाली. "ऐकू येत नाही."

"आमा, चिया पंग!"

"अजून मोठ्याने."

मी असं ओरडले की गॅलरीतल्या साळुंक्या उडाल्या. तेव्हा तिने मान हलवली, "चिया, चिया" म्हणाली आणि चॉपस्टिक्स उचलून पहिला घास घेतला. को-ऑर्डिनेटर बाईंनी फाइल मिटली आणि डोळ्यांत काही गेल्यासारखं करून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

मी मात्र बसूनच. सवय!

"आता काय?" आमा माझ्यावर ओरडली. बिस्किटांशिवाय पहिल्यांदाच. "खात का नाहीस?"

मग मी सांगितलं, आमच्याकडे मोठ्यांनी म्हणावं लागतं, सावकाश होऊ दे. तिने तो शब्द माझ्याकडून दोनदा म्हणून घेतला. आणि हवालदाराने गर्दी हटवावी तशा आवाजात मला हुकूम केला, "सावकाश!"

मी जेवले. कोळंबीसुद्धा चुकून एक खाल्ली. चव होती.

संध्याकाळी लेझीम कठड्यावर परत गेली. आणि सोमवारी मी शाळेतून आले तर खालून मला आमची खिडकी दिसली : बांबूवर तो विटका निळा शर्ट, आणि त्याला खेटून माझा दुसरा युनिफॉर्म. खालीच उभी राहून मी तो बघत राहिले. मग लिफ्टने अकराव्यावर गेले आणि तीन मजले उतरून घरी आले.

त्यानंतर ती उरलेलं वर्षभर माझ्यावर ओरडत राहिली. केस नीट विंचरले नाहीत म्हणून, चपला वाकड्या ठेवल्या म्हणून, काकूंच्या घरून तूप आणलं म्हणून. ते तूप तिने भातावर घालून खाल्लं आणि "औषध आहे का?" विचारलं. एकटेपणा सगळा गेला असं नाही. शाळेतली मधली सुट्टी तशीच होती, पर्थचे फोन तसेच होते. पण रोज संध्याकाळी एकदा मी तिला हाक मारायचे आणि एकदा ती मला हुकूम करायची, आणि भात गरम असायचा.

निरोपाच्या दिवशी ती विमानतळावर आली. मिठीबिठी काही नाही. मी आत वळल्यावर मागून अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा आवाज आला, "सावकाश!" माणसं दचकून थांबली. मी वळून पाहिलं नाही. माझा चेहरा सांस्कृतिक राजदूताला शोभण्यासारखा राहिला नव्हता. लेझीम तिच्याकडेच राहिली. काही वर्षांनी ती गेल्याचं मेईने कळवलं. मुलगा आला होता म्हणे, सगळं आवरायला.

आता माझाच मुलगा इथे सिंगापूरला आहे, आणि मी त्याच्याकडे. तांजोंग पगारला त्याचं ऑफिस, सुनेची नोकरी दुसऱ्या टोकाला, चकचकीत कॉन्डो, आणि लिफ्ट आमच्या दाराशीच थांबते. मध्यंतरी मी एकटीच एमआरटी ट्रेनने जाऊन ती जुनी इमारत बघून आले. रंग नवा आहे. लिफ्टही आता प्रत्येक मजल्यावर थांबते. मी आठ नंबरापाशी बोट नेलं आणि अकरा दाबला. तीन मजले उतरताना गुडघ्यांनी माझा उद्धार केला. आमच्या दारापुढे कोणाची तरी सायकल होती. कुंड्या नव्हत्या. मी घंटा वाजवली नाही. काय सांगणार होते?

घरी परत आले तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. आमच्याकडे जेवणाची वेळ म्हणजे काय, ज्याला जेव्हा भूक लागेल ती. मुलगा खोलीत मीटिंगला, सून अजून यायची होती. मी ताट वाढून घेतलं आणि बसले. समोर माझी नात, सोळा वर्षांची, कानात ती पांढरी बोंडं, डोळे फोनमध्ये, नूडल्सचा वाडगा अर्धा संपलेला. मी हात मांडीवर ठेवले.

वरणाची वाफ बारीक होत गेली.

बऱ्याच वेळाने तिने मान वर केली. "आजी? का बसलीयेस अशी?" कानातलं एक बोंड काढलं. "इट्स गेटिंग कोल्ड. जेव ना लाह!"

हाक काही फार शास्त्रशुद्ध नव्हती. पण हाक होती.

"मोठ्याने बोल," मी म्हटलं. "ऐकू येत नाही."

माझे दोन्ही कान अगदी शाबूत आहेत.